नाकवाले मामाजी आणि मधलं दार

मोहाडीत जन्मलेल्या निम्म्या माणसांची नाकं आमच्या नाकवाल्या मामाजींनी आतून पाहिली आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांनी ती संधी दिली नाही याचा मामाजींना मनातून थोडा राग आहे. मामाजी डॉक्टर नाहीत, वैद्य नाहीत, त्यांना मंत्रबिंत्रही येत नाही. आपल्या घरासमोर त्यांचं कापडाचं दुकान आहे. घराणं कोष्ट्याचं, त्यामुळे पूर्वी मागच्या पडवीत हातमाग होता. तो गेला आणि पुढचं दुकान राहिलं. नात्याने ते आपले कोणी लागत नाहीत, पण सगळं गाव मामाजी म्हणतं म्हणून मीही म्हणते. गेल्या आठवड्यात तुमच्या आईने फोनवर सांगितलं, की तुमच्या धाकट्या मिनूने खेळण्यातला मणी नाकात घातला आणि तिला घेऊन सगळ्यांना दवाखान्यात बसून राहावं लागलं. तेव्हापासून मामाजींबद्दल तुम्हा नातवंडांना लिहून कळवावं असं मनात आहे. मिनूने जे केलं ते आपल्या घरात पहिल्यांदा झालेलं नाही, हेही तुम्हाला कळायला हवं.

मामाजींना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही. नाव तर मुळीच नाही. समोरच्याला ते ओळखतात ते त्याच्या नाकपुडीवरून आणि तिच्यातून काय निघालं होतं त्यावरून. शिकून मोठा साहेब झालेला एक गावचा मुलगा एकदा गाडीतून उतरून त्यांच्या पाया पडायला आला. सोबत दोन-तीन हाताखालची माणसं होती. मामाजींनी चष्मा वर करून बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "डावी. मक्याचा दाना. बरोबर आहे का जी?" साहेबांनी मान हलवली. पुढच्या चौकशीत मामाजींनी त्यांची नोकरी, पगार, गाव काही विचारलं नाही. पुन्हा कधी त्रास झाला होता का, एवढंच विचारलं. लग्न जुळवणारी माणसं मामाजींच्या दुकानासमोरून जायला बिचकत. एकदा मुलीकडची मंडळी एका मुलाची चौकशी करायला दुकानात बसली होती. मामाजी गंभीरपणे म्हणाले, "पोरगा चांगला आहे जी. लहानपनी नाकात कोशाचा तुकडा घातलता. पन मंग कधी काई नाई घातलं. सुधारला." रेशमाच्या किड्याचा तो कोसला, कोष्ट्याच्या घरात पडलेला असतोच, पण मुलीकडच्यांना ते काहीतरी व्यसन वाटलं. लग्न झालं, पण मुलाच्या आईने पुढे दोन दिवाळ्या मामाजींच्या दुकानातून कापड घेतलं नाही.

नाकात अडकलेली वस्तू काढायची त्यांची रीत मात्र साधी होती, आणि तिच्यात हत्यार म्हणून काही नव्हतं. चिमटा नाही, काडी नाही, पाणी नाही, तपकीर नाही. मूल आणलं की मामाजी पहिला प्रश्न विचारत, "आई कोठी आहे?" बापाने आणलं असेल, आजोबांनी आणलं असेल, शेजाऱ्याने आणलं असेल, तर उत्तर ठरलेलं असे: "आईले आना." आई आली की तिला गादीवर मांडी घालून बसवायची, मूल मांडीवर. मग तिने मुलाचा मुका घेतल्यासारखं आपलं तोंड त्याच्या तोंडावर घट्ट ठेवायचं आणि एक छोटी, जोरदार फुंकर मारायची. मोकळी नाकपुडी मामाजी बोटाने बंद धरत. आईचा श्वास मुलाच्या तोंडातून वर जाऊन अडकलेल्या नाकपुडीतून बाहेर यायचा, आणि येताना वाटेतली वस्तू घेऊन यायचा. हरभरा, चिंचोका, पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा, दिवाळीच्या माळेतला दिवा, हल्ली हल्ली सोफ्यातला स्पंज. दोनदा करून निघालं नाही तर मामाजी तिसऱ्यांदा करू देत नसत. भंडाऱ्याला घेऊन जा म्हणत. आणि मुलाने घड्याळातली किंवा खेळण्यातली ती चपटी बॅटरी घातली आहे असं कळलं, तर गादीवर बसूही देत नसत. दुकान उघडं टाकून स्वतःच्या जुन्या गाडीत घालून सरळ मोठ्या डॉक्टरकडे. ती बॅटरी नाक आतून जाळते, हे त्यांनी कुठून तरी माहीत करून घेतलं होतं, आणि त्या वाटेवर गाडीसमोर येणाऱ्या प्रत्येक म्हशीशी ते भांडत जात.

आईच का, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "पोरगं घाबरलं का रडते. रडते तवा श्वास आत ओढते. आत ओढला का वस्तू आत. आईजवळ ते घाबरत नाई. बस, इतकंच आहे, मास्तरीनबाई." मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून मी मास्तरीणबाई.

आता या रीतीत एक अडचण होती. आमच्या गावात सुनेने चारचौघांत आपल्या मुलाचा मुका घ्यायचा म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा एक नवी सून मुलाला घेऊन आली, आणि मागोमाग तिचे सासरे, चुलतसासरे आणि दोन दीर. सून डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसली ती हलेना. मामाजींनी सगळ्यांकडे पाहिलं आणि हुकूम सोडला, "मानसाईनं कपाटाकडे तोंड करा. थानं मोजा. मी सांगतो तवा वळा." चार बाप्ये भिंतीकडे तोंड करून कापडाची थानं मोजू लागले. इकडे मटाराचा दाणा टपकन बाहेर आला, मूल हसायला लागलं, सून पदराने तोंड पुसून मोकळी झाली. मामाजींनी वळा म्हटलं, तिघे वळले. सासरे वळेनात. "थांबा जी," ते म्हणाले, "हे वरचं निळं थान काढा बरं जरा. कसं मीटर आहे?"

तुमच्या वडिलांची पाळी ते चार वर्षांचे असताना आली. भंडाऱ्याकडच्या घराघरांत लाखोळीची डाळ असते. मी ती निवडत होते आणि तुमचे वडील शेजारी बसून होते. थोड्या वेळाने त्यांचा आवाज बदलला. मी स्वच्छ रुमाल अंथरला, टॉर्च आणली, हात साबणाने धुतले, आणि माझ्या सासूबाईंनी त्या टॉर्चसकट मला रस्त्यापलीकडे नेऊन मामाजींच्या गादीवर बसवलं. "टॉर्च ठेवा बाजूले," मामाजी म्हणाले. "नाक का विहीर आहे? मुका घ्या." मी फुंकर मारली. लाखोळीचा दाणा सुटला तो थेट मामाजींच्या चष्म्याच्या काचेवर. त्यांनी तो काढला, पाण्याने धुतला, कापडाच्या एका चिंधीत बांधून गाठ मारली. तुमच्या वडिलांनी हात पुढे केला. मामाजींनी ती पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. "आईच्या हातात द्याचं असते," ते म्हणाले. "दुसऱ्या कोनाच्या नाई." प्रत्येक मुलाच्या वेळी ते असंच करत. माझी पुरचुंडी अजून शिवणाच्या डब्यात आहे. तुम्ही आलात की दाखवीन.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे तान्हा पोळा असतो. मुलं लाकडाचे चाकांचे बैल सजवून मिरवायला काढतात. त्याच्या आधीच्या आठवड्यात मामाजी रंगीत कापडाच्या पट्ट्या कापून, त्यांचे गोंडे करून, गल्लीतल्या प्रत्येक मुलाला बैलासाठी फुकट माळ देत. मात्र कोणाच्या बैलाच्या गळ्यात मण्यांची माळ दिसली, की भर मिरवणुकीत जाऊन ती काढून घेत आणि आपली कापडाची घालत. मुलं रडत. आया चिडत. "मामाजी, सणासुदीचं काहून रडवता जी पोराले?" कोणी विचारलं तर ते माळ खिशात घालून निघून जात.

त्या माळेचं कारण मला मामीजींनी सांगितलं. मामीजी म्हणजे त्यांची बायको. उंच, सावळ्या, फार थोडं बोलणाऱ्या. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक दार होतं. दुकानात नाकात काही अडकलेलं मूल आलं, की ते दार आतून बंद व्हायचं. आवाज न करता, हळूच, पण कडी लागल्याचं ऐकू यायचं. मूल गेल्यावर बऱ्याच वेळाने ते उघडायचं. लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हापासून हे पाहत होते. मला वाटे, बाईंना मूलबाळ नाही, म्हणून त्यांना ते पाहवत नसेल. एकदा आम्ही दोघी ओसरीवर तांदूळ निवडत बसलो होतो, तेव्हा सुपातून मान वर न करता त्यांनी सांगितलं. एकदाच.

त्यांना एक मुलगी होती. अडीच वर्षांची. तान्ह्या पोळ्यासाठी त्या बैलाची माळ ओवत होत्या आणि मुलीने त्यातला एक काचेचा मणी नाकात घातला. मामाजी सूत आणायला बाहेर गेले होते. आता हे समजायला तुम्हाला माग माहीत असायला हवा. मागावर उभे ताणलेले हजारो धागे असतात आणि ते एका फणीच्या दातांमधून गेलेले असतात. एखादा तुटला, तर बारीक आकड्याने तो नेमका त्याच दातातून ओढून घ्यावा लागतो. हे काम मामीजींसारखं मोहाडीत कोणाला येत नव्हतं. दुसऱ्यांच्या घरून त्यांना बोलावणं यायचं. केसासारखा धागा त्या दिव्याच्या उजेडात पहिल्या खेपेला काढत. तो मणी त्यांना समोर दिसत होता. हातात आकडा होता, आणि स्वतःच्या हातावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. आकडा मण्याला लागला, मुलगी दचकून रडली, रडताना तिने श्वास आत ओढला, आणि मणी दिसेनासा झाला. नागपूरला पोचेपर्यंत ती राहिली नाही.

मामीजींनी एवढं सांगितलं आणि सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "दवाखान्यात हे डॉक्टरले विचारत होते, मंग का कराले पायजे होतं? पोरगी समोर झाकून ठेवली होती, आन हे विचारत होते. त्या डॉक्टरनं सांगितलं. फुंकर. आईनं फुंकर माराची. हे शिकून घरी आले."

घरी आल्यावर मामाजी त्यांना एका शब्दानेही बोलले नाहीत. त्या पुन्हा मागावर बसल्या नाहीत. मामाजींनीही बसा म्हटलं नाही. माग विकून टाकला आणि कापड विकायला लागले. मग कोणाचं तरी मूल आलं, आणि मग गावातली सगळीच येऊ लागली. प्रत्येक वेळी मामाजी इकडे विचारत, "आई कोठी आहे?" आणि तिकडे कडी लागत असे. मामाजींना दार बंद होताना ऐकू येई. मी त्यांचा चेहरा पाहिलेला आहे. गावातल्या एवढ्या मुलांच्या नाकातून त्यांनी एवढं काही बाहेर काढलं, पण त्या दाराआडून एका माणसाला बाहेर काढणं त्यांना जमत नव्हतं.

तुमच्या आई-वडिलांचं लग्न झालं त्याच्या आसपासची गोष्ट. बाजाराचा दिवस होता. मी पडद्यांसाठी अस्तर घ्यायला दुकानात गेले होते. तलावावर मासे धरणारा एक ढीवर तीनेक वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन धावत आला. त्याचा माशाचा टोपला तसाच बाजारात पडून होता. जाळं खाली बसावं म्हणून त्याच्या काठाला शिशाचे छोटे मणी लावतात. बाप जाळं सांधत असताना मुलीने त्यातला एक उजव्या नाकात घातला होता.

"आई कोठी आहे?" मामाजींनी विचारलं.

"नाई जी."

"बाजारात असंल. बोलावून आन."

"गेली जी ते. आखाडीच्या महिन्यात." तो म्हणाला. "घरी मी आन हेच आहो."

आत नेहमीप्रमाणे कडी लागलेली होती. मामाजींनी एकदा त्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी बापालाच गादीवर बसवलं. त्याच्या मिशा मोठ्या होत्या. त्याने तोंड जवळ नेलं की मुलीला गुदगुल्या होत. ती आधी हसली, मग तोंड फिरवू लागली, मग तिने ओठ घट्ट मिटले. बापाने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. तशी मुलगी रडू लागली. मोठ्याने नाही, हुंदके देत, श्वास आत ओढत. मामाजी ताडकन उठले. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "नको, नको, तिले रडवू नको," असं ते म्हणत होते आणि गल्ल्याखाली गाडीची किल्ली शोधत होते. किल्ली त्यांच्या हातातच होती.

तेव्हा कडी निघाली.

मामीजी बाहेर आल्या. कोणाकडे न पाहता गादीवर बसल्या. बापाच्या मांडीवरून मुलीला घेतलं नाही, नुसत्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "हे वेणी कोनं घातली वं तुही?"

मुलीने हुंदका गिळला. "बाबानं."

"म्हनूनच एक इकडे चालली, एक तिकडे. मी घालून देऊ?"

मुलगी थोडा वेळ पाहत राहिली. मग बापाच्या मांडीवरून उतरली आणि त्यांच्या मांडीत जाऊन बसली. मामीजींनी आपले दोन्ही हात मागे नेले आणि पाठीशी पदराचं टोक मुठीत धरलं. "तुमी नाक धरा," त्या मामाजींना म्हणाल्या. मुलीला म्हणाल्या, "आ कर. मुका घेतो तुहा." पहिली फुंकर वाया गेली. मुलगी खुदकन हसली आणि तिने मामीजींच्या गळ्यात हात टाकले. दुसऱ्या फुंकरीला मणी बाहेर आला, मामीजींच्या गालावर लागला आणि त्यांच्या ओच्यात पडला.

बाप रडत होता. मामीजी नवऱ्याकडे पाहत होत्या. हात अजून मागेच होते. "हात नाई लावला मी," त्या म्हणाल्या.

"दिसलं मले," मामाजी म्हणाले.

मग ते उठले, मणी धुतला, चिंधी कापली, गाठ मारली. बापाने हात पुढे केला. मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं, आणि पुरचुंडी मामीजींसमोर धरली. त्यांना ती घेण्यासाठी हात पुढे आणावे लागले. त्यानंतर त्या मुलीची वेणी घालत बसल्या, आणि ती इतक्या सावकाश घातली की बाजार उठायची वेळ झाली. माझं अस्तर राहिलंच. मी दुसऱ्या दिवशी नेलं.

पुढे मधलं दार उघडं राहू लागलं. ज्या मुलाची आई लांब असे, कामावर असे, किंवा नसेच, त्याच्यासाठी मामाजी आत तोंड करून हाक मारत, "आयकलं का वं?" आणि मामीजी तोंड धुऊन बाहेर येत. हात मात्र शेवटपर्यंत मागेच ठेवत. ती मुलगी दर बाजाराला वेणीसाठी यायची. हाताशी येण्याइतकी मोठी झाली तरी यायची, आणि त्या मण्याच्या दिवसापासून तिच्या बापाने मामाजींकडून माशाचे पैसे घेतले नाहीत आणि मामाजींनी त्याच्याकडून कापडाचे, यावरून दोघांची दर आठवड्याला भर रस्त्यात भांडणं व्हायची.

मागच्या हिवाळ्यात मामीजी गेल्या. छातीत कफ झाला, भंडाऱ्याला नेलं, चार दिवसांनी आणलं. वेणीवाली मुलगी आता साकोलीला शिकते. ती आली होती. मामाजी दुकान उघडतात, पण फार कोणी येत नाही. कापड लोक फोनवर मागवतात. नाकासाठी आता डॉक्टर आहेत, आणि ते बरंच आहे. मामाजींचे हातही हलतात. तरी तान्ह्या पोळ्याला त्यांनी यंदा कापडाच्या माळा केल्या. गोंडे वेडेवाकडे झाले होते.

मिनूची गोष्ट मी त्यांना परवा जाऊन सांगितली. तुम्ही फोनवर दिसता तेव्हा कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ येता की मला तुमची नाकंच दिसतात. तसलं मिनूचं एक छायाचित्र माझ्याकडे होतं, तेही दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. "बापाचंच नाक आहे," म्हणाले. "लाखोळीवाल्याचं." मग त्यांनी विचारलं, "आई होती ना जवळ?"

"होती," मी म्हटलं. "तिच्याच मांडीवर होती."

"मंग झालं," मामाजी म्हणाले. ते उघड्या दाराकडे वळले, आणि आत स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आयकलं का वं? आई होती म्हनते जवळ."

मग त्यांनी मला चहा विचारला, आणि करायला स्वतः उठले.